जांभा, बॉक्साईट आणि सड्यावरचं पाणी

नमस्कार. बॉक्साईट, म्हणजे ॲल्युमिनियमचं कच्चं खनिज, यावरच्या माझ्या लेखावरची तुमची खरमरीत प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: बॉक्साईटचं वय मी चुकीचं दिलं, बेळगावचा ॲल्युमिनियम कारखाना येण्याआधी कोल्हापुरात खनिजांचा इतिहासच नव्हता, आणि 'बोगदे नाहीत, नुसतं वरवरचं खरवडतात, मग एवढा गळा काढायचं कारण काय?' शिवाय खाण संपल्यावर झाडं लावतात, हेही.

वयाचं मान्य. कान पकडतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो खालचा काळा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक; बॉक्साईट त्याच्या बरंच नंतरचं. वाक्य दुरुस्त केलंय. सपाट माथ्यावर पाणी वाहून न जाता मुरतं. लाखो वर्षं मुरताना त्यानं बेसॉल्टमधला चुना, सोडा आणि मग सिलिकासुद्धा धुऊन नेली. सहज न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं मागं राहिलं. लोह जास्त तिथं जांभा, ॲल्युमिनियम जास्त तिथं बॉक्साईट. म्हणून ते राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठारांवर, मिळतं; शिरोळच्या उसात कितीही खणा, हाती काळी मातीच येणार.

इतिहासाचं मात्र पटलं नाही. विशाळगड, पन्हाळा, भुदरगड भागात याच तांबड्या दगडातलं लोखंड पूर्वी कोळशाच्या भट्ट्यांवर गाळत. बाहेरचं स्वस्त लोखंड आलं, कोळसा महागला, भट्ट्या विझल्या. बेळगावचा कारखाना 1970 च्या आसपासचा. म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या त्याच तांबड्या टोपीतून आधी लोखंड काढलं, मग ॲल्युमिनियम.

आता खरवडण्याचं. अहो, वरवरचं आहे हीच तर अडचण! जांभा सच्छिद्र, त्याच्याखाली चिकट मातीचा थर. पावसाळ्यात दगड पाणी पितो, खालची माती ते अडवते, आणि मग सड्याच्या कडेनं झरे सुटतात. एप्रिलमध्ये अशा एका झऱ्यावर ओंजळीनं पाणी प्यायलोय. शेजारच्या वाडीची घागर त्यावरच भरत होती. एक टन ॲल्युमिनियमला साधारण चार टन बॉक्साईट लागतं, आणि त्यावरचा निरुपयोगी जांभा आधी बाजूला काढावा लागतो तो वेगळाच. म्हणजे झऱ्याची टाकीच उचलून ट्रकमध्ये भरायची. बोगदा असता तर निदान माथा तरी राहिला असता.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, की खाण संपल्यावर खड्डे बुजवून झाडं लावतात. लावतात, मी पाहिलीयत. पण उघड्या सड्यावर मुळात झाडं होती कुठं? तिथं बोटभर माती, गवत, पावसाळ्यातली डबकी आणि भाद्रपदात सीतेची आसवं ही रानफुलं. तिथं रोपांच्या रांगा लावायच्या आणि सडा परत आला म्हणायचं, हे मला काही जमत नाही.