‘इतकी वर्षं गप्प का बसले?’ – वसईच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. आयर्लंडमधल्या चर्चच्या बालगृहांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, ‘जुनी मढी कशाला उकरता? छडी तेव्हा सगळीकडेच होती. खरंच एवढं घडलं, तर ती माणसं इतकी वर्षं गप्प का बसली? आम्हाला वसईत फादर-सिस्टरांनीच शिकवून मोठं केलं.’ तुमच्या शिक्षकांबद्दलचा तुमचा जिव्हाळा मला कळतो. त्याला धक्का लावायचा नाही.

पण छडीचं पटत नाही. अमेरिकेत मुलांसाठी ‘बॉइज टाऊन’ हे आश्रयगृह उभारणारे फादर फ्लॅनगन मूळचे आयर्लंडचेच. १९४६मध्ये ते मायदेशी गेले आणि तिथल्या ‘इंडस्ट्रियल स्कूल’मधल्या, म्हणजे चर्चचे लोक चालवत असलेल्या या बालगृहांमधल्या, मारहाणीवर जाहीरपणे तुटून पडले. कॅथलिक धर्मगुरू, त्याच काळातला माणूस. त्यांना दिसत होतं. सरकारने त्यांनाच झिडकारलं. आणि नुसती छडीच होती असंही नाही. मुलग्यांच्या संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार सर्रास होत होते, असं २००९च्या रायन अहवालात, म्हणजे या बालगृहांच्या सरकारी चौकशीच्या अहवालात, स्पष्ट लिहिलंय.

आता गप्प बसण्याचं. पीटर टायरेल आठव्या वर्षी आयर्लंडमधल्या लेटरफ्रॅक गावी, ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक धर्मसंघाच्या अशाच संस्थेत गेला. गुन्हा काय, तर घरची गरिबी. पुढे तो ब्रिटिश सैन्यात गेला, जर्मनांचा युद्धकैदी झाला, पण लेटरफ्रॅक काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. १९५०च्या दशकात तो तिथल्या छळाबद्दल पत्रं लिहीत राहिला. स्केफिंग्टन नावाच्या सिनेटरने तेवढं मनापासून ऐकलं, सगळं लिहून काढ म्हणून पाठीशी लागले. १९६७मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर पीटरने स्वतःला जाळून घेतलं. ओळख पटायला जवळपास वर्ष गेलं. प्रेताजवळ एक अर्धवट जळकं पोस्टकार्ड होतं, त्यावर ‘स्केफिंग्टन’ आणि ‘डब्लिन’ एवढंच लागत होतं. काका, हा माणूस गप्प बसला होता का?

सरकारने माफी मागितली ती १९९९मध्ये. २००२मध्ये भरपाईचा कायदा झाला, त्यातही मेख होती: भरपाई मागितलेल्याने संस्थेचं किंवा माणसाचं नाव कळेल अशा रीतीने आपल्या अर्जाबद्दल काही छापलं, तर तोच गुन्हेगार. ख्रिश्चन ब्रदर्स तर कोर्टात गेले आणि आरोप असलेल्यांची नावं रायन अहवालात येणार नाहीत, एवढं पदरात पाडून घेतलं. २००२मध्येच सरकारशी झालेल्या करारात भरपाईतला अठरा धर्मसंघांचा वाटा १२.८ कोटी युरोंवर ठरवून टाकला गेला. एकूण खर्च दीड अब्जांच्या घरात गेला, बाकीचा भार सामान्य करदात्यावर.

तेव्हा लेख मी काढून टाकणार नाही. एक दुरुस्ती मात्र तुमच्यामुळे करते आहे. मी सरसकट ‘चर्चने केलं’ असं लिहिलं होतं. त्यातली बरीचशी मुलं कोर्टाच्या हुकमाने तिथे जात, दरडोई अनुदान सरकार देई आणि तपासणी करायची ती शिक्षण खात्याने. त्या वाक्यात आता धर्मसंघांच्या शेजारी शिक्षण खात्याचंही नाव घातलंय.