तासातली पंचवीस मिनिटं

पुण्यात मैदानांचा वाद कधी संपत नाही. एका गटाचं म्हणणं असं, की गल्लोगल्ली उगवलेल्या टर्फनी, म्हणजे कृत्रिम गवताच्या भाड्याच्या मैदानांनी, खेळ तासावर विकायला काढला. रात्रीचे अकरा वाजले तरी फ्लडलाइट आणि आरडाओरडा चालू, शेजारच्या सोसायटीची झोप उडालेली, आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो मुलगा जाळीला नाक लावून बाहेर उभा. दुसरा गट विचारतो, टर्फ नसते तर आम्ही खेळलो कुठे असतो? महापालिकेच्या मैदानाला कुलूप, कुलूप नसेल तर मांडव, मांडव नसेल तर पार्किंग. माझे मित्र दोन्ही गटांत आहेत, त्यामुळे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये बसूनही दोन्हीकडचा दारूगोळा मला नियमित पोचतो.

मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही कंटाळा येतो. मैदान कुणाच्या मालकीचं, यावरच सगळा जोर. ते रोज उघडायचं, झाडायचं, आखायचं आणि बंद करायचं कुणी, हा विषय कुणी काढतच नाही. माझ्या डोक्यात तो घुसला दोन सामन्यांमुळे. दोन्ही बिझनेस स्कूलमधल्या वर्गांचे, दोन्ही नावाला मैत्रीपूर्ण.

पहिला पुण्यातला. डिसेंबरात घरी आलो होतो, तेव्हा ज्या संस्थेतून एमबीए केलं तिथल्या पोरांचा फोन आला. ‘सर, सीनियर विरुद्ध ज्युनियर मॅच आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी दोघं-तिघं हवेत, याल का?’ संस्थेची इमारत काचेची, सभागृह वातानुकूलित, मैदान मात्र नाही. म्हणून बाणेरला टर्फ घेतलेला. सातास सात, रात्री आठ ते नऊ, तासाचे पंधराशे रुपये. स्पोर्ट्स कमिटीनं तयारी जय्यत केली होती. जर्सीवर एका बँकेचं नाव, जाळीला फ्लेक्स, टेबलावर ट्रॉफ्या, शाल, नारळ.

आठ वाजता सगळे बूट बांधून उभे. प्रमुख पाहुणे आले आठ वीसला. मग ओळख, शाल, ‘दोन शब्द’, पाहुण्यांच्या पायानं पहिली किक, तिचे फोटो, फोटोत चेंडूच आला नाही म्हणून पुन्हा किक. खरा खेळ सुरू झाला तेव्हा आठ पस्तीस झाले होते. मुलींचा पंधरा मिनिटांचा प्रदर्शनीय सामना कार्यक्रमपत्रिकेवर छापलेला होता, तो ‘वेळेअभावी’ गेला. मुली किट घालून आल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

उरलेली पंचवीस मिनिटं मात्र झकास. ज्युनियरांकडे कोल्हापूरचा एक मुलगा होता. कोल्हापूर म्हटलं की फुटबॉल आलाच. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की पेठा ओस पडतात. हा पोरगा असा वळायचा, की आमचा सगळा बचाव उजवीकडे आणि हा चेंडू घेऊन डावीकडे. दोन-दोन बरोबरी असताना नऊच्या ठोक्याला टर्फवाल्यानं शिट्टी मारली. पुढची टोळी, कुठल्याशा आयटी कंपनीची, दारातच उभी होती. विजेता नाणं उडवून ठरला आणि ट्रॉफी पार्किंगमध्ये, स्कूटरच्या दिव्यात दिली गेली. मी मोजे काढले तर काळे रबराचे दाणे मूठभर निघाले. कोल्हापूरचा पोरगा शेजारीच बूट सोडत होता. म्हणाला, ‘आमच्याकडं असं नसतंय सर. तालमीची पोरंच सगळं बघत्यात.’

दुसरा सामना रॉटरडॅमचा, मे महिन्यातला. मी इथे नोकरी सांभाळून पुन्हा एकदा शिकतोय. आमचा शनिवार-रविवारवाल्यांचा वर्ग विरुद्ध पूर्णवेळवाले, असा सामना ठरला. इरॅस्मस विद्यापीठाच्या वाउदेस्टाइन आवाराला खेटूनच एक्सेलसियर या १९०२ सालच्या क्लबचं आटोपशीर स्टेडियम आहे, पण तिथे आम्हाला कोण विचारतो! आम्हाला मिळालं ते एका हौशी क्लबचं मैदान, तेही रविवारी दुपारी, कारण शनिवार सगळा लहान मुलांचा. जमीन महापालिकेची, क्लब ती भाड्यानं घेतो, आणि क्लब म्हणजे त्याचे सभासद. आमच्यासाठी फाटक उघडायला बंदरातून निवृत्त झालेला एक सत्तरीचा क्रेनचालक आला. हातात किल्ल्यांचा जुडगा, गळ्यात शिट्टी. रेफरीही तोच.

त्यानं आधी अटी सांगितल्या. बूट बाहेरच्या ब्रशवर घासल्याशिवाय आत यायचं नाही. हलते गोलपोस्ट जागेवर नेऊन साखळीनं बांधायचे. ड्रेसिंग रूम दोन्ही संघांनी आपापली झाडून द्यायची. मग चेंडू ठेवला आणि शिट्टी मारली. एवढंच उद्‌घाटन.

सामना आम्ही पाच-दोन हरलो. आमच्या गोलात पेरूची एक लेखापाल होती, तिच्यामुळे पाचावर निभावलं. मी राइट बॅक, आणि ज्याला अडवायचं त्याची पाठच मला जास्त दिसली. पण मजा खरी पुढेच होती. अंघोळी झाल्या, आणि उद्या मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला द्यायला निघालेली ही मंडळी वायपर घेऊन फरशीवरचं पाणी मोरीकडे ओढायला लागली. एकानं इतकं वाईट ओढलं की म्हाताऱ्यानं त्याच्या हातातून वायपर घेऊन कोपऱ्यातून सुरुवात कशी करायची ते दाखवलं. घामट जर्सींची पिशवी, ज्याच्या घरी मोठं वॉशिंग मशीन त्याच्या गळ्यात पडली. बिझनेस स्कूल ते बिझनेस स्कूल, त्यामुळे रात्रीपर्यंत दोघांनी लिंक्डइनवर पराभवातून शिकलेलं नेतृत्व मांडून झालं होतं. हा आजार सार्वत्रिक आहे. पुण्यात शाल, इथे लिंक्डइन.

आता, ‘तिकडे सगळं छान’ हा सूर मला लावायचा नाही, कारण तो खोटा आहे. एक कोटी ऐंशी लाखांच्या या देशात फुटबॉल संघटनेचे सभासद १२ लाखांच्या आसपास आहेत, हे खरं. पण शहरातल्या कितीतरी क्लबांत मुलांची नावं प्रतीक्षा यादीत पडून असतात. वर्गणी भरूनही सुटका नाही. कँटीनमध्ये उभं राहून चहा-बिअर देण्याची पाळी येते, आणि ती चुकवणाऱ्यांचं काय करायचं यावर सर्वसाधारण सभेत इथेही आवाज चढतात. फुकट राबणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत, अशी तक्रार प्रत्येक क्लबात ऐकू येते. लहान मुलांना वस्तीतली क्रायफ कोर्ट्स नावाची छोटी खुली मैदानं आहेत, पण पूर्ण आकाराच्या गवती मैदानावर अनोळखी माणसानं सहज शिरावं आणि खेळावं, हे मी इथे पाहिलेलं नाही.

पुण्यात ते अजून होतं. त्या टर्फवरच्या सामन्यानंतरच्या रविवारी मी कोथरूडच्या एका मोकळ्या मैदानावरून सकाळी चाललो होतो. एकाच जागेत तीन क्रिकेटचे सामने, कडेला फुटबॉल, एकाचा मिडऑफ दुसऱ्याच्या गोलात. एक पोरगा ओरडला, ‘काका, एक कमी आहे, गोलात राहता का?’ ना नाव विचारलं, ना वर्गणी. ‘काका’ जरा लागलं, पण उभा राहिलो. ही गोष्ट रॉटरडॅमला पैसे टाकून मिळत नाही, आणि टर्फच्या तासातही बसत नाही. टर्फविरोधी गटानं आवाजाची आणि दिव्यांची तक्रार थोडी बाजूला ठेवून याचा धोशा लावावा, असं मला फार वाटतं.

टर्फच्या गवतात पसरलेल्या त्या काळ्या दाण्यांबद्दलही पुण्यात कुणी अवाक्षर काढत नाही. जुन्या टायरांपासून केलेल्या अशा दाण्यांवरून इथे २०१६ साली एका टीव्ही कार्यक्रमानंतर रान पेटलं. पालक बिथरले, काही क्लबांनी सामने थांबवले. त्याच डिसेंबरात सरकारी संस्थेनं तपासणी करून खेळणं सुरक्षित असल्याचं सांगितलं. पुढे २०२३ मध्ये युरोपीय संघानं सूक्ष्म प्लास्टिक म्हणून अशा दाण्यांची विक्री २०३१ पासून बंद करायचं ठरवलं. बरोबर-चूक ते ठरवोत. निदान मैदानात काय अंथरलंय हे विचारणारं कुणीतरी होतं, कारण त्या मैदानाला सभासद होते. गिऱ्हाईक फार तर दुसरा टर्फ शोधतं.

हे सगळं मी एका मित्राला सांगितलं. तो वकील आहे, महापालिकेच्या कागदांशी त्याची रोजची झटापट. तो म्हणाला, ‘तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं? इथे मैदान सभासदांच्या हाती दे. दहा वर्षांत तिथे लॉन होतं, लॉनवर लग्नं लागतात, आत पत्त्यांची खोली होते आणि दाराबाहेर पाटी लागते, प्रवेश फक्त सभासदांसाठी. तुला काका म्हणणारी पोरं मग कुठे जाणार?’ याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. जमीन महापालिकेकडेच राहावी, भाडेकरार तीन-चार वर्षांचा असावा, रोजचे काही तास सगळ्यांसाठी खुले ठेवण्याची अट असावी आणि ती मोडली तर करार रद्द. तो हसला. अटी लिहायला तो रोजच लिहितो, म्हणाला. मोडल्यावर रद्द करणारा अजून भेटायचाय.

तरी एक मुद्दा मी सोडत नाही. सभासदांनी मैदान चालवायचं, ही काही माझ्या सामानातून आणलेली परदेशी कल्पना नव्हे. डेक्कन जिमखाना १९०६ चा, कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी उभं केलेलं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे धावपटू गेले, त्याची सुरुवात जिमखान्याच्या स्पर्धेतून झाली. कोल्हापुरात तालमी आजही संघ चालवतात. उलट, मालकाच्या पैशावर उभा राहिलेला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आला, बालेवाडीत वाजतगाजत खेळला आणि २०१९ मध्ये गाशा गुंडाळून गेला. इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. पाटाकडील तालीम उचलून हैदराबादला न्यायची म्हटलं तर नेणार कशी?

स्पोर्ट्स कमिटीच्या पोरांना मी कळवून टाकलं. पुढची मॅच रविवारी सकाळी साडेसहाला एखाद्या कॉलेजच्या मातीच्या मैदानावर घ्या, चुना आणि दोरी तुम्हीच न्या, आखणी तुम्हीच करा, आणि आधी मुलींचा सामना. जर्सी धुवायला मी माझ्या आईला सांगणार नाही, तुमच्यातल्याच कुणाच्या तरी घरी न्या. त्यांचा उलट निरोप आला, ‘सर, मैदान बघतो, चुना पण आणतो. पण प्रमुख पाहुण्यांशिवाय संस्थेकडून परवानगी मिळणार नाही.’ मग त्यांना लाइन्समन करा म्हटलं. हातात झेंडा दिला की माइक धरता येत नाही.