कोअर, कॅव्हिटी आणि कार्ड

माझा धंदा मोल्डचा. प्लास्टिकची झाकणं, डबे, बटणं ज्या पोलादी साच्यातून निघतात, तो साचा आधी कॉम्प्युटरवर काढायचा आणि मग भोसरीतल्या आमच्या टूलरूममध्ये कापायचा. या धंद्यात कोअर म्हणजे साच्याचा आतला भाग आणि बाहेरची ती कॅव्हिटी. एका झाकणाला एक कोअर, एक कॅव्हिटी. सोळा झाकणांचा मोल्ड असला तर सोळा कोअर, आणि ते सोळाच्या सोळा एका मापाचे करताना फिटरच्या तोंडून जे शब्द निघतात ते इथे लिहिता येणार नाहीत. त्यामुळे २०२२ च्या उन्हाळ्यात भाच्याने फोनवर सांगितलं की, "मामा, या ग्राफिक्स कार्डात ६१४४ कोअर आहेत," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी फिटरच आला.

झालं होतं असं की, आठ कॅव्हिटीच्या एका मोल्डची असेंब्ली, म्हणजे सगळे भाग जोडलेलं चित्र, माझ्या कॉम्प्युटरवर फिरेनाशी झाली होती. सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये माऊसचं मधलं बटन दाबून मोल्ड फिरवायचा असतो. माझा मोल्ड फिरायचा नाही, उड्या मारायचा. आत्ता समोरून दिसतोय म्हणेपर्यंत एकदम पाठमोरा. मधल्या वेळात कुठे जाऊन आला ते त्यालाच ठाऊक. एकदा शेजारी बसलेलं गिऱ्हाईक चहा संपवून म्हणालं, "साहेब, तो फिरेल तेव्हा फोन करा, मी येतो."

कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं चित्र काढायला क्वाड्रो के-६२० हे कार्ड होतं. २०१४ चं, ३८४ कोअर (कार्डात कोअर म्हणजे चिपमधला आकडेमोड करणारा बारका भाग), २ जीबी मेमरी. तेव्हा दोष कार्डाचाच, हे मी बघता बघता ठरवून टाकलं. माणसाला एकदा खरेदी करायची असली की निदान फार लवकर होतं.

भाच्याने दोन नावं दिली. दोन्ही एनव्हिडियाची, दोन्ही व्यावसायिक कामाची: आरटीएक्स ए-२००० आणि आरटीएक्स ए-४०००. पहिल्यात ३३२८ कोअर, ६ जीबी मेमरी, वीज ७० वॅट. दुसऱ्यात ६१४४ कोअर, १६ जीबी, १४० वॅट. बाजारात आली तेव्हा अमेरिकेतली किंमत पहिल्याची साडेचारशे डॉलरच्या घरात, दुसऱ्याची हजार. "तुझं तू ठरव," म्हणून भाचा मोकळा झाला. पुढचा सव्वा महिना मी मोकळा झालो नाही.

सुरुवात एक्सेलच्या शीटने केली. पडेल तो आकडा कॉलममध्ये टाकल्याशिवाय मला झोप येत नाही. एका डॉलरला किती कोअर पडतात? ए-२००० चे सात-साडेसात, ए-४००० चे सहाच्या आसपास. म्हणजे धाकटं स्वस्त. शीट सेव्ह केली, जेवलो. जेवताना आठवलं, मेमरीचा भाव काढायचा राहिलाच. ए-२००० ची एक जीबी पंचाहत्तर डॉलरला पडते, ए-४००० ची साडेबासष्टला. म्हणजे थोरलं स्वस्त! मग टेराफ्लॉप काढले. टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी. धाकटं ८, थोरलं १९.२. किमतीने भागलं तर थोरलं किंचित पुढे. मेमरीचा वेग २८८ विरुद्ध ४४८ जीबी प्रति सेकंद. किमतीने भागलं तर धाकटं पुढे. वॅटने भागलं तर कोअर धाकट्याचे जास्त, टेराफ्लॉप थोरल्याचे. रात्री साडेबाराला माझ्याकडे अकरा कॉलम होते, आणि कशाने भागायचं ते माझ्या हातात असल्यामुळे हवं ते कार्ड मी निवडून आणू शकत होतो. निवडणुकीत मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्यांना काय वाटत असेल, ते त्या रात्री कळलं.

"याने मोल्ड लवकर होणार का?" हे पार्टनरचं पहिलं वाक्य. आमचा पार्टनर जगातली कुठलीही रक्कम पी-२० मध्ये मोजतो. पी-२० हे मोल्डचं पोलाद. मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवतानाही त्याने मनातल्या मनात किलो काढले होते, असा माझा संशय आहे. कार्डाची किंमत ऐकून त्याने डोळे मिटले, ओठ हलले आणि तो म्हणाला, "एवढ्यात मोल्डचा आख्खा सांगाडा उभा राहील." मी त्याला कार्डांच्या पिढ्या समजावायला गेलो. बोलण्याच्या ओघात क्वाड्रो पी-२००० चं नाव निघालं. त्याने कान टवकारले. "पी-२० च्या शंभरपट कडक?" मी विषय तिथेच सोडला.

नावांबद्दल मात्र थोडं बोललंच पाहिजे, कारण माझा अर्धा महिना नावांनी खाल्ला. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तशी या घराण्यात 'चार हजार' नावाची रीत आहे. २०१० साली क्वाड्रो ४००० झालं. मग के-४०००, मग एम-४०००, मग पी-४०००. ही अक्षरं केप्लर, मॅक्सवेल, पास्कल या शास्त्रज्ञांची. २०१८ मध्ये ट्युरिंगच्या पिढीत क्वाड्रो आरटीएक्स ४०००. पुढे २०२० साली क्वाड्रो हे आडनावच टाकून दिलं आणि २०२१ मध्ये अँपिअरच्या पिढीत आलं आरटीएक्स ए-४०००. पंगतीत "चार हजार, इकडे या" अशी हाक तेव्हा मारली असती तर सहा पिढ्या उठून उभ्या राहिल्या असत्या.

आणि तसंच झालं. गुरुवारी भोसरीत इंडस्ट्रीला सुट्टी, म्हणून एका गुरुवारी मी मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव विचारत गेलात तर ग्रँट रोड स्टेशनच्या बाहेरच रात्र होईल. एका दुकानात मला इतका सुंदर भाव मिळाला की मी खिशातून कार्ड काढलंसुद्धा. बँकेचं. जीएसटीचं पक्कं बिल, अठरा टक्के आम्हाला इनपुटमध्ये परत. सीएने तर घसाऱ्याचे चाळीस टक्केही मनात धरून ठेवले होते. मग खोका समोर आला. वर 'क्वाड्रो' लिहिलेलं. मेमरी ८ जीबी.

"हे जुनं आहे," मी म्हणालो.

"चार हजारच मागितलंत ना?"

"ए-४००० म्हणालो."

"अहो, ए म्हणजे 'एक' वाटलं. एक चार हजार."

यावर काय बोलणार? परतीच्या गाडीत कर्जतचा वडा खाल्ला.

भाच्याचा आता तिसराच सूर लागला होता. "मामा, व्यावसायिक कार्डाच्या नादाला लागूच नकोस. ए-२००० मध्ये जी चिप आहे, जीए-१०६, तीच गेमिंगच्या आरटीएक्स ३०६० मध्ये आहे. शिवाय तिथे कोअर ३५८४, म्हणजे जास्तच. मेमरी १२ जीबी. आणि किंमत कमी! ए-४००० ची चिप ३०७० टीआयमध्ये आहे, कोअर तेवढेच, ६१४४. तुला उघड उघड लुटतायत."

त्याला वाटलं मी चिडेन. पण मी गप्प बसलो, कारण आमच्या शॉपमध्ये एक मोल्ड आहे. त्यातून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांची झाकणं निघतात. झाकण तेच, प्लास्टिकचा दाणा तोच, मशीन तेच. फक्त साच्यातला मधला लोगोचा तुकडा बदलायचा. एका कंपनीला आम्ही ते झाकण दुसरीपेक्षा महाग देतो, कारण ती टेस्ट रिपोर्ट मागते, प्रत्येक लॉटची कागदपत्रं मागते आणि एक झाकण गळलं तर माणूस पाठवते. तेव्हा एकाच चिपचे दोन भाव का, हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. त्या कागदांचाच भाव असतो. सॉलिडवर्क्सवाले कोणतं कार्ड कोणत्या ड्रायव्हरसकट, म्हणजे ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसकट, तपासलं याची यादी काढतात. गेमिंगची कार्डं त्या यादीत नसतात, आणि रिअलव्ह्यू नावाची जी चकाकी पडद्यावर येते ती यादीतल्या कार्डांसाठीच असते. शिवाय आमच्या दोन्ही उमेदवारांच्या मेमरीत ईसीसी आहे. म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे मेमरीतल्या एखाद्या शून्याचा एक झाला, तर ती चूक दुरुस्त होते. हे वाचून मला फार भरून आलं. भोसरीत आजवर जेवढ्या चुका झाल्या त्या गिऱ्हाइकाने ड्रॉइंगची नवी रिव्हिजन व्हॉट्सॲपवर पाठवल्यामुळे झाल्या; अवकाशाला दोष द्यायची सोय आमच्याकडे नव्हती.

याच वाचनात एक वाक्य असंही भेटलं की, मोल्डमधलं एखादं फीचर बदलल्यावर जी रीबिल्ड होते, म्हणजे सगळा आकार नव्याने मोजला जातो, ते काम कार्ड करतच नाही. ते प्रोसेसरचं, आणि तेही बहुतांशी एकाच कोअरचं. कार्डाचं काम पडद्यावर दाखवण्या-फिरवण्याचं. हे वाचल्यावर मी ती विंडो बंद केली. सव्वा महिन्याच्या संसारात कोणी असलं काही ऐकून घेत नाही.

मन ए-४००० कडे झुकलं होतं. पटण्याजोगं कारण काही नव्हतं. १६ जीबी मी कशात भरणार होतो? मी काही फोटोसारखे रेंडर काढून विकत नाही. आमच्या गिऱ्हाइकाला पोलाद हातात लागतं. पण सोळा म्हटलं की बरं वाटतं. पार्टनरलाही मी जवळजवळ पटवलं होतं. तेवढ्यात आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या डिप्लोमाच्या पोराने विचारलं, "सर, एकदा कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून बघू का?"

अकरा कॉलमांत हा कॉलम नव्हता.

आमचं कॅबिनेट बारकं, चपटं. मी व्हर्निअर घेतला. मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजणारा माणूस मी, पण हे माप घ्यायचं सुचलं नव्हतं. कार्ड खोचायचा आतला स्लॉट अर्ध्या उंचीचा. ए-४००० पूर्ण उंचीचं, साडेनऊ इंच लांब, वर त्याला सहा पिनांची वेगळी वीज लागते आणि आमच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, तसली वायरच निघत नव्हती. ए-२००० अर्ध्या उंचीचं, साडेसहा इंचांच्या जरा पुढे, आणि ७० वॅट स्लॉटमधूनच घेणारं. म्हणजे ही तुलना कधी नव्हतीच. दोन स्थळांची पत्रिका महिनाभर जुळवावी आणि मग कळावं की एकाचं लग्न झालेलं आहे.

ए-२००० आलं. ते दोन स्लॉटांची जाडी घेतं, म्हणून शेजारची आरएस-२३२ ची, म्हणजे जुन्या सिरीयल पोर्टची, पट्टी काढावी लागली. तिच्यावरून जुन्या व्हीएमसीला, म्हणजे पोलाद कापणाऱ्या मशीनला, प्रोग्राम जायचे. ती दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये बसवण्यात अर्धा दिवस गेला. कार्ड बसलं. मागे बघतो तो चार मिनी डिस्प्लेपोर्ट, आणि माझे दोन मॉनिटर: एक डीव्हीआयचा, एक व्हीजीएचा. नवंकोरं कार्ड, पंखा गरगरतोय आणि पडदा काळा. पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन दोन कन्व्हर्टर आणेपर्यंत संध्याकाळ झाली. पार्टनर जाता जाता काळ्या पडद्याकडे बघून म्हणाला, "रंग चांगला आलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा केली. हार, उदबत्ती, पेढे. फिटर, व्हीएमसीवाला, पार्टनर, सगळे मागे उभे. आठ कॅव्हिटीचा मोल्ड उघडला. मधलं बटन दाबलं.

मोल्डने उडी मारली.

मी हळूच सोडून पुन्हा दाबलं. समोरून एकदम पाठमोरा. कोणी काही बोललं नाही. व्हीएमसीवाल्याने पेढ्याचा हात धोतराला पुसावा तसा पँटला पुसला आणि तो मशीनवर गेला. पार्टनरने डोळे मिटले, ओठ हलले. किलो.

जेवणाच्या सुट्टीत ते पोरगं माझ्या खुर्चीत बसून सॉलिडवर्क्सची सेटिंग चाळत होतं. परफॉर्मन्सच्या पानावर थांबलं आणि म्हणालं, "सर, ही टिक मुद्दाम ठेवलीय का?"

'यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल'. ही टिक असली की सॉलिडवर्क्स ग्राफिक्स कार्डाला हातच लावत नाही, सगळं चित्र प्रोसेसरकडून काढून घेतं. मग आठवलं. दोनेक वर्षांपूर्वी ड्रायव्हर सारखा पडत होता, तेव्हा सपोर्टवाल्याने फोनवर सांगितलं होतं, "तात्पुरती टिक करून ठेवा." मी केली होती. तात्पुरती.

फाइल उघडी असताना ती टिक बदलत नाही, म्हणून मोल्ड बंद केला, टिक काढली, मोल्ड पुन्हा उघडला. मधलं बटन. आणि आठ कॅव्हिटी, सगळ्या इजेक्टर पिना, स्लाइडर, सगळं लोण्यासारखं फिरलं. रिअलव्ह्यूचं बटन दाबलं तर पोलादावर चकाकी आली. पार्टनर हाक मारल्यावर आला. त्याने स्वतः माऊस धरून मोल्ड तीनदा गोल फिरवला. "फरक आहे रे," म्हणाला. "जमीन-अस्मानाचा," मी म्हणालो.

जुनं के-६२० मी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून माझ्या कपाटात ठेवलंय, किल्ली माझ्याकडे असते. पोराने दोनदा विचारून झालं, "सर, ती टिक काढून एकदा जुनं कार्ड लावून बघू का? नुसतं माहिती म्हणून." मी त्याला सोळा कोअरची ड्रॉइंग दिली आहेत.