हात पोचत नाही तिथेच सांधा

मॉडेल रेल्वेचा आराखडा कागदावर असतो तोवर सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या जागा, कुठेही बसतात. फळी भिंतीला टेकली, वर कप्पा आला, मध्ये बोगद्याचा डोंगर उभा राहिला, की लक्षात येतं: दर गाडीला लागणारा सांधा नेमका मागच्या कोपऱ्यात आहे. ६०-७० सेंटिमीटरच्या पुढे हात नेला की बोट सांध्यावर आणि बाही सिग्नलवर. सांधा बदलतो, सिग्नलही बदलतो. कायमचा.

मग जाणकार म्हणतात, फळीखालून मोटर लाव. या मंडळींनी उताणं पडून, डोळ्यांत भुसा झेलत, दिसत नसलेल्या स्क्रूला दिसत नसलेला पेचकस लावलेला नसतो, असं माझं ठाम मत आहे. सावकाश फिरणारी मोठी मोटर गुणी खरी, पण तिला फळीखाली ८-९ सेंटिमीटर जागा हवी, आणि तिथे आधीच ड्रॉवर असतो. सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळताच दांडी झटकन ओढणारी तारेची गुंडाळी (कॉइल), आटोपशीर, पण बटण दाबून धरलंत तर कॉइल जळते. मध्ये कपॅसिटर डिस्चार्ज युनिट घाला: ते एक जोरदार धक्का देतं आणि बटण सुटेपर्यंत पुन्हा भरत नाही, म्हणून पाहुण्यांच्या मुलांपासूनही कॉइल वाचते. ९ ग्रॅमचा सर्व्हो, म्हणजे ठरावीक कोनात फिरून थांबणारी चिमुकली मोटर, आडवा निजवला तर कुठेही मावतो, मात्र सांध्यात खटका देणारी स्प्रिंग असेल तर ती आधी काढा, नाहीतर दोघांची कुस्ती लागते आणि सर्व्हो रात्रभर गुणगुणतो.

अडचणीच्या जागी माझा कौल नळीतल्या तारेला. ०.८ मिलिमीटरची पियानो वायर, तिच्यावर सैल बसणारी प्लॅस्टिकची बारीक नळी, आणि फळीच्या कडेला एक सरकता स्विच, ज्याच्या मुठीने तार ढकलायची-ओढायची. नळी थोड्या थोड्या अंतरावर घट्ट चिकटवायची. मध्ये मोकळी राहिली तर तुम्ही ढकलता तेव्हा तार पुढे न जाता नळीच फुगडी घालते. वळण ऐसपैस द्या. काटकोनच हवा असेल तर एल आकाराची फिरती पट्टी बसवा. आणि झटपट चिकटणारा पातळ गोंद नळीच्या तोंडाशी नेऊ नका. तो आत झिरपतो, मग आयुष्यभर गाडी एकाच फाट्यावर.

खरी मेख टोकाशी आहे. एचओ मापाच्या (खऱ्याच्या १/८७) सांध्याची पट्टी, म्हणजे सांध्याच्या सरकत्या रुळांना (जिभांना) जोडणारा आडवा तुकडा, २-३ मिलिमीटर सरकते, स्विचची मूठ ४-५. हा जास्तीचा हिसका पट्टीने सोसला तर ती उखडते. म्हणून पट्टीच्या थोडं अलीकडे, नळीबाहेर, तारेला उलट्या ‘यू’सारखा वळसा द्यायचा. स्विच पूर्ण सरकला की जीभ रुळाला टेकते आणि उरलेली चाल वळसा गिळतो, शिवाय जीभ दाबून धरतो. वळसा आखूड झाला तर तार ताठ राहते, पट्टी तुटते. फारच मोठा झाला तर जीभ केसभर उघडी राहते, आणि इंजिन फलाटावर, डबे यार्डात, अशी गाडीची वाटणी होते.

सहा पायांचा स्विच घेतलात तर त्यातूनच फ्रॉगला, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या धातूच्या तुकड्याला, वीज बदलून देता येते. एकच बघा: जुन्या बाजूची जीभ रुळाला चिकटलेली असताना वीज उलटली, तर शॉर्ट होतो. वळसा जरा ताठ करून किंवा स्विच थोडा पुढेमागे सरकवून हे जमतं. खडी टाकताना पट्टीखाली एकही खडा जाऊ देऊ नका. गोंद वाळला की त्याला छिन्नीच लागते.

सगळ्या मुठी एकाच नियमाने लावा, आत ढकलली की सरळ, ओढली की फाटा. डोंगर बसवण्याआधी प्रत्येक सांध्यावरून सर्वांत लांब डबा आणि सर्वांत हलका डबा, दोन्ही उलटसुलट नेऊन बघा. आणि डोंगर चिकटवू नका. नुसता ठेवा, उचलता येईल असा.