जंगलाचं हातावर पोट

पावसाळा तोंडावर आला की एक मजकूर मोबाइलवर फिरायला लागतो. यंदा तो मला चार गटांतून आला, त्यातला एक आमच्या घरचाच. सारांश असा: जंगलाला कोणी खत घालत नाही, पाणी देत नाही, तरी ते हिरवंगार असतं, कारण जंगलातली माती जगातली सगळ्यात सुपीक. तिथे हजारो वर्षांच्या पालापाचोळ्याची हात-दोन हात जाडीची काळी माती साठलेली असते. कुठे लाल दिसली तरी चिंता नको, लाल म्हणजे लोह. ही माती स्पंजासारखी सगळा पाऊस पिऊन टाकते, म्हणून जंगल असेल तिथे दरड कोसळत नाही. आणि शेवटी सल्ला: दोन पोती जंगलातली माती आणून परसात टाका, पुन्हा खताचं नाव काढायला नको.

पहिलं वाक्य बरोबर आहे. घोळ सुरू होतो तो 'कारण' या शब्दापासून.

आधी कुठल्या जंगलाबद्दल बोलतोय ते ठरवू, कारण 'जंगलातली माती' नावाची एकच एक वस्तू नसते. मजकुरासोबतच्या फोटोत धुकं, शेवाळलेले बुंधे आणि कारवी दिसते. म्हणजे सह्याद्रीचा माथा आणि पश्चिमेचा उतार: आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरला सहा हजारांच्या घरात, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत.

आता ती 'हात-दोन हात काळी माती'. ती शोधायला खणायचीही गरज नाही. घाटरस्त्यासाठी डोंगर जिथे ताजा कापलेला असतो तिथे उभं राहून वरून खाली पाहत यायचं. सगळ्यात वर पातेरा. त्यातही वरची पानं अख्खी, त्याखालची जाळीदार झालेली, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली, आणि तळाला पान ओळखू येणार नाही असा काळसर, भुसभुशीत चुरा. हे सगळं मिळून चार बोटं, फार तर सहा. त्याच्याखाली गडद तपकिरी, रवाळ माती, बारीक मुळांनी गच्च विणलेली. ही साधारण वीतभर. इथेच गांडुळं, इथेच वास. मजकुरातली 'काळी माती' एवढीच. तिथून खाली रंग झपकन बदलतो: तांबडी किंवा पिवळट तांबडी चिकण, कुठे एक मीटर, कुठे तीन-चार. मुळं विरळ होत जातात. मग कुजका दगड, जो दिसतो दगडासारखा पण नखाने उकरता येतो. त्यात अधूनमधून कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे, आणि सगळ्यांच्या तळाशी काळा कातळ. काही ठिकाणी मधल्या थराऐवजी जांभा, म्हणजे कोकणातला तो लाल, भोकाभोकांचा दगडच लागतो.

'हजारो वर्षांचा पालापाचोळा' साठत का नाही? कारण आपल्याकडे तो टिकतच नाही. उष्णता, ओल, बुरशी, वाळवी एवढ्या सगळ्यांपुढे बहुतेक पानं एक-दोन पावसाळ्यांत मातीला मिळतात. जाड थर पाहायचा असेल तर उत्तर युरोपच्या थंड सूचिपर्णी जंगलात जावं लागेल. तिथे पानं वर्षानुवर्षं पडून राहतात, कारण कुजवणाऱ्यांचे हात थंडीने आखडलेले असतात. म्हणजे जाड थर हे श्रीमंतीचं लक्षण नव्हेच. ती तुंबलेली कामं आहेत.

मुख्य दावा सुपीकतेचा, आणि त्यावर जरा थांबायला हवं.

महाबळेश्वरहून पाचगणीमार्गे वाईला उतरा. खालचा दगड तोच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. पण माथ्यावरची माती लाल आणि घाट उतरून पुढे पूर्वेला गेलं की काळी. फरक पावसाचा. पाचगणीला महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाऊस, वाईला जेमतेम सातशे-आठशे मिलिमीटर. कमी पावसात दगड कुजताना सुटलेला चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका तिथेच राहतात आणि त्यातून स्मेक्टाइट जातीची चिकणमाती तयार होते, तीच आपली उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन. माथ्यावर मात्र हे सगळं लाखो वर्षं धुऊन खाली जात राहिलं. जे पाण्यात विरघळत नाही तेवढं मागे उरलं: लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, आणि केओलिनाइट नावाची गरीब चिकणमाती. धुण्याची परिसीमा पाहायची तर राधानगरी परिसरातलं बॉक्साइट पाहा. खनिज म्हणून त्याला मोल आहे, पण पिकाच्या हिशेबाने तो मातीचा पार पिळून काढलेला चोथा.

गरीब म्हणजे किती, हेही मोजता येतं. मातीचे कण पोटॅश, चुना वगैरे अन्नद्रव्यं किती धरून ठेवू शकतात याचं एक माप आहे, धन-आयन विनिमय क्षमता. शंभर ग्रॅम स्मेक्टाइटची क्षमता 80 ते 120 मिलिइक्विव्हॅलंट. केओलिनाइटची 3 ते 15. आणि ह्यूमसची, म्हणजे पुरत्या कुजलेल्या पाल्याची, दीडशेच्या वर. आता घाटातल्या त्या कापणीकडे पुन्हा पाहा. जंगलाची तिजोरी म्हणजे वरची ती वीतभर माती. खालच्या तीन-चार मीटर तांबड्या चिकणीत ठेव ठेवायला कप्पेच नाहीत. त्यात ही माती आम्लधर्मी, आणि तिच्यातलं लोखंड-ॲल्युमिनियम स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरसला, असं पकडून ठेवतं की प्रयोगशाळेच्या अहवालात एकूण स्फुरद भरपूर दिसला तरी मुळांच्या हाती फारसा लागत नाही. तो मिळवायला झाडांना बुरशीशी भागीदारी करावी लागते: झाडाने साखर द्यायची, बुरशीने आपल्या धाग्यांनी स्फुरद आणून द्यायचा.

मग एवढं मोठं जंगल उभं कशावर? फिरत्या भांडवलावर. पान पडलं, कुजलं, त्यातलं पोटॅश पावसाच्या पहिल्या सरींनी सुटलं की वरच्या वीतभर मातीत जाळं टाकून बसलेली मुळं ते खाली निसटायच्या आत उचलतात आणि पुन्हा शेंड्याला पोचवतात. संपत्ती मातीत नाही, झाडांत आहे आणि वाटेवर आहे. आपल्याकडे यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे: हातावर पोट. रोज आणायचं, रोज खायचं. ज्याचं हातावर पोट असतं त्याच्या घरात पाहुण्याने 'कोठार कुठे आहे' असं विचारू नये.

हे कळायला प्रयोगशाळा लागत नव्हती. सिंधुदुर्ग-गोव्यातली कुमरी किंवा रायगडकडची दळी करणाऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. उतारावरचं रान तोडायचं, वाळवायचं, पावसाआधी पेटवायचं आणि राखेत नाचणी पेरायची. पहिल्या वर्षी पीक जोरदार, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षापर्यंत जमीन थकलेली. मग ती सोडून द्यायची आणि पुन्हा रान वाढेपर्यंत कित्येक वर्षं तिकडे फिरकायचं नाही. माती मजकुरात म्हटल्याइतकी सुपीक असती, तर दर दोन-तीन वर्षांनी नवा डोंगर चढायची हौस कोणाला होती? पहिल्या वर्षीचं पीक मातीचं नव्हतंच, ते राखेचं होतं. म्हणजे झाडांनी साठवलेलं, एकदाच मोडून खाल्लेलं.

एक गोष्ट मात्र मान्य करते. या लाल मातीच्या वरच्या थरात सेंद्रिय कर्ब तीन-चार टक्के किंवा त्याहून जास्त सापडतो, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्याभोर शेतात तो बहुधा एक टक्क्याच्या आत असतो. म्हणजे रंगावरून कस ठरवायची आपली सवय दोन्हीकडे फसते.

रंगाचाच पुढचा मुद्दा, 'लाल म्हणजे लोह, लोह म्हणजे कस'. लाल रंग लोहाचा, हे खरं. पण हा गंज आहे, आणि झाडाला गंज चावता येत नाही. बाकीचे पाहुणे उठून गेल्यावर जो मागे उरला तो हा. फ्रान्सिस बुकनन याने केरळात अंगाडीपुरमजवळ असली माती पाहून 1807 साली तिला लॅटराइट हे नाव दिलं, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. का, तर लोक ती ओली असताना कापत, आणि हवेवर ती विटेसारखी कडक होई. कोकणात आपण त्यालाच जांभा म्हणतो आणि त्याच्या चिऱ्यांनी घरं बांधतो. रत्नागिरीकडच्या कातळावर हापूसची बाग करणारा माणूस सुरुंग लावून खड्डा करतो आणि त्यात दुसरीकडून आणलेली माती भरतो. लालीत कस असता तर त्याने हा खर्च केला नसता.

हेच लोखंड ओल कायमची मुरली की वेगळंच वागतं. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे, आणि पलीकडे गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईत, जायफळाच्या कुळातल्या रानझाडांची गोड्या पाण्याची दलदल आहे. हेवाळे-बांबर्ड्याची जागा आता जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली आहे. अशा दलदलीत माती लाल नसते, राखाडी असते. पाण्याने भरलेल्या मातीत हवा शिरत नाही, तिथले जिवाणू प्राणवायूऐवजी गंजावर भागवतात, गंज विरघळतो आणि रंग निघून जातो. मुळांच्या कडेने, जिथे थोडी हवा पोचते, तिथे नारिंगी रेघा उमटतात. आणि श्वासासाठी ही झाडं गुडघ्यासारखी वाकलेली मुळं पाण्याबाहेर काढतात. 'जंगलात सदा ओल, म्हणून मुळं सुखात' असं ज्यांना वाटतं त्यांनी ते गुडघे एकदा पाहावेत.

स्पंजाचा दावा अर्धा खरा आहे. जंगलातल्या मातीत पाणी झटकन मुरतं, मोकळ्या रानापेक्षा कितीतरी लवकर. पण मुरणं वेगळं आणि राहणं वेगळं. लोखंडाच्या ऑक्साइडने चिकणीचे बारीक रवे बांधलेले असतात, म्हणून ही चिकण असूनही वाळूसारखी झरते. तीन-चार हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणात एप्रिलला टँकर येतो, त्याला हेही एक कारण. शिवाय प्रत्येक स्पंज भरतो. जूनपासून भिजलेल्या मीटरभर मातीत जुलैअखेर, ढोबळ हिशेबाने, शंभर-दोनशे मिलिमीटरच्या वर जागा उरत नाही. 2021 च्या जुलैत 22-23 तारखेला महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे दर चौरस मीटरवर जवळजवळ सहाशे किलो पाणी. त्याच दिवसांत महाडजवळ तळिये, आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या.

झाडं दरड रोखतात का? उथळ घसरण रोखतात, नक्की. पण त्यांची बहुतेक मुळं वरच्या मीटरभरात असतात. मोठी दरड सुटते ती खाली, कुजका दगड आणि घट्ट कातळ यांच्या सांध्यावर, जिथे मुरलेलं पाणी अडून साठतं आणि वरचा थर उचलायला लागतं. तिथे झाडाचा हात पोचत नाही. म्हणून झाडं तोडून चालेल असा याचा अर्थ कोणी काढू नये. पण 'वर जंगल आहे, आपण सुरक्षित' हे वाक्य घाटाखालच्या वाडीला सांगणं मला धोक्याचं वाटतं.

जंगल माती वाचवतं, तेही लोक समजतात त्या पद्धतीने नाही. पानांवर जमून ओघळणारा थेंब उघड्यावर पडणाऱ्या थेंबापेक्षा मोठा असतो, आणि उंच झाडावरून तो तितक्याच जोरात आदळतो. त्याचा मार झेलतो तो जमिनीवरचा पातेरा. जो पहिल्यांदा पोत्यात भरला जातो, तोच.

पोत्यांबद्दल थोडंच. भारतीय वन अधिनियम 1927 च्या व्याख्येत जंगलातला माल म्हणजे फक्त लाकूड नाही. वरची माती आणि जांभाही त्यात नावानिशी आहेत. राखीव वनातून विनापरवाना ती उचलणं हा गुन्हा आहे.

आमच्या घरच्या गटात हा मजकूर टाकणाऱ्या मामांनी तीन वर्षांपूर्वी अशी दोन पोती आणली होती, राईच्या कडेची. पहिल्या वर्षी त्यांच्या मोगऱ्याचे फोटो रोज सकाळी येत. कुंडीत ना वरून पातेरा पडत होता, ना बुरशीची भागीदारी टिकली. होता तेवढा चुरा उन्हात आणि रोजच्या पाण्यात जिरला, आणि खाली तांबडी, थापटलेली चिकण उरली, जिच्यावर पाणी घातलं की तळं साचतं. गेल्या महिन्यात मामांनी शेणखत मागवलं. परसातल्या फणसाचा पातेरा मात्र ते अजूनही दर रविवारी झाडून पेटवतात.