‘लोकांना कशाला विचारायचं?’ मावशीच्या फॉरवर्डला उत्तर

‘मुंबई हिरवी करायची तर हरकती-सूचनांचं नाटक बंद करा.’ काल मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज. प्रत्येक मुद्द्यापुढे हिरवं पान. तासाभरात तोच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

‘हरकतींनी आजवर काहीही बदललेलं नाही.’ असं कसं? फेब्रुवारी २०१५ मध्ये पालिकेने २०१४-३४च्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू गायब. हे गोंधळ पकडले ते नकाशात आपली गल्ली शोधत बसलेल्या माणसांनी. ६५ हजारांच्या घरात हरकती-सूचना गेल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने करायला लावला. सुधारित मसुदा यायला मे २०१६ उजाडला. प्रश्न नुसत्या झाडांचा नव्हता, कबूल. पण उद्यानं, कांदळवनं, मोकळ्या जागा याच नकाशावर ठरतात ना?

‘हरकती सगळ्या कॉपी-पेस्ट असतात.’ हे अर्धं खरं आहे. मीही एकदा खाली फक्त नाव बदलून पाठवली आहे. सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवल्यावर दुसरं काय होणार?

आता ज्या मुद्द्याने डोकं फिरलं तो. ‘खाडीकाठची दलदल भरून वड-पिंपळाचं जंगल उभारा, स्थानिकांना त्यातलं काय कळतं?’ अहो, दिवसातून दोनदा भरतीचं खारं पाणी चढतं तिथे. तिथे वड कसा जगेल? तिथे खाऱ्या पाण्यात वाढणारं तिवरच हवं, आणि तेही सरसकट नाही. शिवडीला रोहित पक्षी उतरतात ते उघड्या चिखलावर, त्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खायला. तो चिखल झाकला की पक्ष्यांचं ताट गेलं. भराव टाकला तर पावसाचं पाणी मुरायची, पसरायची जागाही गेली. २६ जुलै २००५च्या पुरात मिठी नदीकाठी काय झालं, ते मावशीला मी सांगायची गरज नाही. निवट्या मासे कुठल्या चिखलात, कालवं म्हणजे शिंपले कुठल्या खडकावर, हे कोळीवाड्यातली बाई न बघता सांगेल. आराखडा करणाऱ्याने तिला विचारलं तर भरावाचा खर्च तरी वाचेल.

आणि विचारणं ही कुणाची मेहेरबानी नाही. २००२च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ४१नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने आणि महापालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते, आणि तिने स्थानिक लोकांशी बोलून लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. त्यात काय लिहायचं? कुठे काय उगवतं, कशाला लागतं, कोण वापरतं. बंद खोलीत बसून हे कोण भरणार?

उरलेले मुद्दे ‘विकासाला उशीर’ वगैरे. २०१५चा मसुदा तसाच रेटला असता तर किती वेळ वाचला असता, ते रस्त्याच्या रेघेखाली घर आलेल्यांना विचारा.

मावशी, शनिवारी तुझ्याकडे येतोच आहे. मासळीवाली आली की तिलाच विचारू, खाडीत वड लावायचा का.