जाडी मार्गारेट, लांब तंगडी आणि माझी चाकांची बॅग

मुलगी सांगत होती, "बाबा, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, पाठीवरची सॅक न्या." मी म्हटलं, "या वयात पाठीवर ओझं? मग बॅगेला चार चाकं कशाला आहेत?" डोंबिवली स्टेशनासमोरच्या दुकानदारानं ती बॅग मला एका बोटानं ढकलून दाखवली होती. अशी काही घरंगळत गेली, की मी भावसुद्धा केला नाही. सगळी गोम त्या दुकानातल्या गुळगुळीत फरशीत होती, हे मला टालिनला जाऊन कळलं.

मुलगी फिनलंडला, हेलसिंकीत नोकरी करते. तिथून एस्टोनियाची राजधानी टालिन समुद्रापलीकडे ऐंशीएक किलोमीटरवर. बोटीनं दोन तास. डोंबिवलीहून बोरिवली गाठायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ, आणि वर बसायला जागा. देश दुसरा, पण युरोपातल्या देशांच्या शेंगेन करारामुळे पासपोर्टवर शिक्का नाही आणि पैसेही तेच युरो. परदेशातून परदेशात गेल्याचा काहीच पुरावा मिळत नाही म्हणून ही, म्हणजे बायको, थोडी खट्टू झाली होती. पुरावा पुढे मिळायचा होता.

साडेदहाला बंदरावर उतरलो. खोली मिळणार तीन वाजता. मिळणार म्हणजे काय, तर फोनवर एक आकडा येणार आणि तो दारावर दाबायचा. काउंटर नाही, माणूस नाही. या देशात 2005 पासून लोक घरबसल्या इंटरनेटवरून मतदान करतात. एवढी सुधारणा झाली, पण साडेचार तास बॅग सांभाळायला एक गुरखा नाही!

बंदराकडून जुन्या गावात शिरताना वेशीलाच एक गोल, गरगरीत बुरूज लागतो. नाव पाक्स मार्गारेता, म्हणजे जाडी मार्गारेट. सोळाव्या शतकातलं तोफांचं ठाणं, घेर असा की व्यासच पंचवीस मीटर. फलक वाचून हिनं विचारलं, "बुरूज जाड, तर नाव बाईचं का?" अशा प्रश्नांना उत्तर न देण्याइतका संसार मी केलेला आहे. मी बॅग पुढे ढकलली.

आणि बॅग बोलायला लागली.

तोवर ती मुकी होती. वेशीच्या आत पहिल्या दगडावर चाक चढलं आणि लोकल सांधे बदलताना होतो तसा खडखडाट त्या निवांत गल्लीत सुरू झाला. टालिनच्या जुन्या गावातले रस्ते दगडी आहेत. दगडी म्हणजे आपल्या घाटावर असते तशी बसवलेली फरसबंदी नव्हे. उभे गोल धोंडे, शेजारी शेजारी, बटाट्याच्या पोत्यासारखे. तिथल्या भाषेत अशा धोंड्याला मुनाकिवी म्हणतात. मुना म्हणजे अंडं, किवी म्हणजे दगड. ज्यानं नाव ठेवलं त्यानं त्यावरून काहीतरी ओढून पाहिलेलं असणार. चारी दिशांना फिरणारी माझी चार चाकं आता खरोखरच चार दिशांना जायला लागली. दोन अंड्यांच्या मधल्या फटीत एक चाक रुतलं, की बॅग जागच्या जागी गिरकी घ्यायची आणि मी पुढे जाऊन मागे ओढला जायचो. एका खिडकीचा पडदा सरकला. "अहो, हळू ओढा," ही म्हणाली. हळू ओढली तर आवाज कमी होत नाही, फक्त जास्त वेळ होतो.

पिक्क नावाच्या त्या लांबलचक रस्त्यानं आम्ही कसेबसे चौकात पोचलो. तिथलं टाउन हॉल 1404 साली बांधून झालं. मनोऱ्याच्या टोकाला वाना तोमास, म्हणजे म्हातारा थॉमस, हातात निशाण घेऊन वाऱ्याची दिशा दाखवत उभा. मूळ पुतळा 1530 सालचा. लोक सांगतात, हा एक गरीब पोरगा. नेमबाजीत त्यानं श्रीमंतांच्या मुलांवर मात केली, पण खालच्या घरातला म्हणून बक्षीस मिळालं नाही, पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. मला तो फार जवळचा वाटला. रिकाम्या हातानं उभा नव्हता, पण निदान जे हातात होतं त्याला चाकं नव्हती.

चौकाच्या कोपऱ्यात औषधाचं दुकान आहे. 1422 साली त्याचा तिसरा मालक होता अशी नोंद सापडते, म्हणजे दुकान त्याहूनही जुनं, आणि अजून चालू! पुढे बुर्खार्ट नावाच्या घराण्यानं ते तीनशेहून जास्त वर्षं चालवलं आणि थोरल्या मुलाचं नाव पिढ्यान् पिढ्या योहान ठेवलं, बहुधा पाटी बदलायला नको म्हणून. माझ्या तळहाताला फोड आला होता, म्हणून आत गेलो. काउंटरवरच्या बाई "तेरे" म्हणाल्या. ही दचकली. तेरे म्हणजे नमस्कार. पट्टी मिळाली. शेजारच्या कपाटात जुनी औषधं मांडली होती: जाळलेल्या मधमाश्या, साळूसारख्या काटेरी प्राण्याची राख. हिनं नीट वाचून घेतलं आणि विचारलं, "यातलं काही चोळून बघता का गुडघ्याला?"

खरं तर मी इथेच बसायला हवं होतं. पण आलोच आहोत तर टेकडी पाहू, असं मीच म्हणालो. गुडघ्याला बाशिंग बांधण्याची सवय या वयातही जात नाही. टूमपेआ टेकडीवर जायला दोन जुन्या वाटा: पिक्क याल्ग म्हणजे लांब तंगडी आणि ल्युहिके याल्ग म्हणजे आखूड तंगडी. एक पाय लांब, एक आखूड, म्हणून आमचं गाव लंगडतं, असा टालिनकरांचा जुना विनोद आहे. लांब तंगडीनं आम्ही चढलो. ती सरळ चढण आहे, घोडागाड्यांसाठी केलेली. मी घोडा झालो. वरच्या कठड्यावरून सगळं गाव दिसलं: तांबडी कौलं, टोकदार मनोरे, मागे निळं पाणी, आणि त्यात आमची बोट. परत जावंसं वाटलं.

उतरताना आखूड तंगडी धरली. अंतर कमी असेल ते नावातच आहे, असा माझा हिशोब. तंगडी आखूड आहे कारण तिला पायऱ्या आहेत. तिसऱ्या की चौथ्या पायरीवर टक् असा आवाज आला आणि उजवं मागचं चाक माझ्याआधी खाली पोचलं.

तीन चाकांची बॅग ओढता येत नाही, उचलता मात्र येते. खांद्यावर घेतली तर कानाला लागे. शेवटी हिनं गळ्यातला स्कार्फ काढला, गोल पिळून चुंबळ केली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि वर बॅग चढवली. साताऱ्याकडे तिची आजी अशीच हंडे आणायची. मान ताठ, एक हात वर, तोंड घामेजलेलं, असा मी पुन्हा चौकात आलो. तिथे पर्यटकांसाठी लांब झगे घालून, डोक्याला पांढरी फडकी बांधून पोरी भाजलेले बदाम विकत असतात. त्यांच्या शेजारी मी दम खायला थांबलो.

एका पर्यटक बाईंनी माझा फोटो काढला. मग त्यांच्या यजमानांनी. मग त्या दोघांनी माझ्या दोन्ही बाजूंना उभं राहून तिसऱ्याकडून. मान हलवली तर बॅग पडेल, म्हणून मला नाही म्हणता येईना. जाताना बाईंनी हसून माझ्या मोकळ्या हातात एक युरोचं नाणं ठेवलं. मी "ऐताह" म्हणालो. आभाराचा तेवढा एकच शब्द बोटीवर शिकलो होतो.

हिनं ते नाणं माझ्या हातातून उचललं आणि पर्समध्ये टाकलं.

"चुंबळ माझी होती," ती म्हणाली.